कोनी आयलंड कुणी संपवलं आणि कुणी वाचवलं?

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कच्या समुद्रकाठचं राइड्सचं ठिकाण असलेल्या कोनी आयलंडचं वैभव नेमकं कशानं गेलं? आगींनी, शहराचा उद्यानप्रमुख रॉबर्ट मोझेसनं की बिल्डर फ्रेड ट्रम्पनं? आणि आज तिथं जे दिसतं ते खरं पुनरुज्जीवन आहे, की जुनी पाटी लावलेलं नवं दुकान?

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी राइड्सचा माणूस आहे. पाळणे आणि रोलर कोस्टर तपासायचे, दुरुस्त करून घ्यायचे, हे माझं वीस-बावीस वर्षांचं काम, आणि त्यातलं बरंचसं खाऱ्या हवेतलं. कोनी आयलंडला मी काम केलेलं नाही. तिथं तीनदा गेलो, तिन्ही वेळा तिकीट काढून. पण या धंद्यात कुणीही त्या जागेचा इतिहास वाचल्याशिवाय राहत नाही. माझं मत असं झालंय की तिथली सगळी कहाणी राइड्सची कमी आणि राइड्सखालच्या जमिनीची जास्त आहे. तेच जरा उलगडून सांगतो.

कोनी आयलंड ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला आहे, अटलांटिकच्या काठावर. आता ते नावापुरतंच बेट. मधली खाडी बऱ्याच ठिकाणी बुजवल्यानं ते मुख्य जमिनीला जोडलं गेलंय. 1829 मध्ये तिथं पहिलं हॉटेल झालं. खरी गर्दी मात्र 1870 च्या दशकात रेल्वे आल्यावर सुरू झाली. 1876 मध्ये चार्ल्स लूफ नावाच्या कारागिरानं लाकडी घोडे कोरून तिथलं पहिलं मेरी-गो-राउंड बसवलं. 1884 मध्ये लामार्कस थॉम्पसननं ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. तिकीट 5 सेंट, वेग ताशी जेमतेम 6 मैल. माणसं जिना चढून मनोऱ्यावर जायची, बाकावर आडवी बसायची आणि गाडी उतारानं घरंगळत पलीकडच्या टोकाला पोचायची. तिथं सगळे उतरायचे, कामगार गाडी ढकलत दुसऱ्या रुळावर चढवायचे, की परतीचा प्रवास. आज हसू येईल, पण पोरखेळ वाटणाऱ्या त्या यंत्रासमोर रांगा लागत आणि त्यातूनच अमेरिकेतला रोलर कोस्टरचा धंदा उभा राहिला.

तोवर तिथं जो तो आपापली टपरी, आपापली राइड चालवत होता. दारूचे गुत्ते, जुगार, खिसेकापू, सगळं एकाच गल्लीत. 1895 मध्ये पॉल बॉयटननं साधीच गोष्ट केली: आपल्या ‘सी लायन पार्क’भोवती कुंपण घातलं आणि दारावर पैसे घ्यायला सुरुवात केली. माझ्या मते कुठल्याही राइडपेक्षा हा शोध मोठा. कुंपण आलं की आत कोण येणार हे मालक ठरवतो, बायकापोरं निर्धास्त येतात आणि एका राइडला गिऱ्हाईक नसलं तरी दारावरचे पैसे चुकत नाहीत. जॉर्ज टिल्यूनं ते पाहिलं आणि 1897 मध्ये ‘स्टीपलचेस’ उघडलं. लोखंडी रुळांवरून घसरत जाणारे यांत्रिक घोडे ही त्याची खूण. बॉयटनचा जम बसला नाही. त्याच्याच जागेवर फ्रेडरिक थॉम्पसन आणि एल्मर डंडी यांनी 1903 मध्ये ‘लूना पार्क’ उभं केलं. त्याची जाहिरात अडीच लाख दिव्यांची होती. पुढच्याच वर्षी, 1904 मध्ये, विल्यम रेनॉल्ड्सनं ‘ड्रीमलँड’ काढलं आणि दहा लाख दिवे असल्याचं सांगितलं. ज्यांच्या घरात अजून वीज आली नव्हती अशी माणसं ते बघायला येत, हे लक्षात घ्या.

त्या झगमगाटात एक विलक्षण गोष्ट चालायची. मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून तिकीट लावून दाखवायचा. पालकांकडून एक पैसा घ्यायचा नाही. नर्सांचा, दुधाचा सगळा खर्च तिकिटातून. ऐकून अंगावर काटा येतो. पण तेव्हा बहुतेक रुग्णालयांकडे ती यंत्रंच नव्हती, आणि 1903 पासून चाळीस वर्षं चाललेल्या त्या प्रदर्शनानं हजारो बाळं जगवली. जत्रेच्या धंद्याला नावं ठेवणाऱ्यांना मी हे उदाहरण हमखास देतो.

आता आगींकडे येऊ. हे महाल, मनोरे, पांढरेशुभ्र घुमट बांधलेले होते लाकडी पट्ट्यांवर तागाचा धागा मिसळलेल्या प्लास्टरचा थर देऊन. लांबून संगमरवर, जवळून काडेपेटी. 1907 मध्ये स्टीपलचेस जळून खाक झालं. दुसऱ्या दिवशी टिल्यूनं पाटी लावली: जळकं पार्क बघायचे 10 सेंट. पण त्यानं पुढं जे केलं ते जास्त महत्त्वाचं. नव्या पार्कात पोलाद आणि काचेचा प्रचंड मंडप बांधला, त्यामुळे पाऊस आला तरी आतल्या राइड्स चालू राहिल्या. ड्रीमलँडला तेवढी अक्कल सुचायला वेळ मिळाला नाही. 27 मे 1911 च्या पहाटे, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, ‘हेल गेट’ नावाच्या नावेच्या राइडची गळती बुजवायला कामगार गरम डांबर लावत होते. दिवे गेले, अंधारात डांबराची बादली कलंडली आणि सकाळपर्यंत अख्खं पार्क राख झालं. इन्क्युबेटरमधली बाळं तेवढी सुखरूप बाहेर काढली गेली.

तरीही ‘आगींनी कोनी आयलंड संपवलं’ हे मला पटत नाही. त्या काळात आग म्हणजे या धंद्यातली पानगळ होती; जळायचं आणि पुढच्या हंगामात नवं उभं राहायचं. प्रश्न एवढाच असायचा की जळाल्यावर जमीन कुणाच्या हातात जाते. ड्रीमलँडची जागा अखेर शहराकडे गेली आणि तिथं करमणूक परत आली नाही. आधी मोटारी उभ्या करायचा तळ झाला, 1957 पासून मत्स्यालय आहे. हा धागा हातात धरून ठेवा.

1920 मध्ये सबवे थेट काठापर्यंत आली आणि सगळं गणितच बदललं. पाच सेंटांत शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून समुद्र. तेव्हापासून त्या जागेला ‘निकेल एम्पायर’, म्हणजे पाच सेंटांचं साम्राज्य, हे नाव पडलं. तिकीट पाच सेंट, राइड पाच सेंट, 1916 पासून नेथन हँडवर्करच्या गाड्यावरचा हॉट डॉगही पाच सेंट. फेल्टमनच्या जुन्या खानावळीत त्याला दहा पडायचे. 1923 मध्ये बोर्डवॉक, म्हणजे फळ्यांचा रुंद रस्ता, खुला झाला. वाढत वाढत तो सव्वाचार किलोमीटरच्या पुढे गेला. उन्हाळ्यातल्या रविवारी दहा लाखांची गर्दी असं तेव्हाची वर्तमानपत्रं छापत. आकडा डोळ्यांनी मोजलेला असणार, पण वाळू दिसत नसल्याचे फोटो मात्र खरे आहेत.

याच काळात तिथं आजवर टिकलेली दोन यंत्रं आली. 1920 चं ‘वंडर व्हील’, 150 फूट उंच. त्यात 24 पाळणे. पैकी 8 कडेला पक्के बसवलेले, उरलेले 16 आतल्या नागमोडी रुळांवर चाक फिरेल तसे सरकतात. पहिल्यांदा बसलेला माणूस हमखास ओरडतो, कारण पाळणा सुटलाच असं वाटतं. आणि 1927 चा ‘सायक्लोन’, 85 फूट उंच, पहिला उतार जवळपास 58 अंशांचा, वेग ताशी 60 मैलांपर्यंत.

सायक्लोनवर थोडं रेंगाळतो, कारण बहुतेक लोक त्याला लाकडी कोस्टर म्हणतात आणि सोडून देतात. त्याचा सांगाडा पोलादी आहे. लाकडी आहे तो रूळ. म्हणजे फळ्यांचे थर एकावर एक ठोकायचे, वरच्या थरावर पोलादी पट्टी बसवायची आणि चाकं त्या पट्टीवरून धावतात. गाडी वळणावर जोर देते तेव्हा लाकूड किंचित दबतं, परत उसळतं. ती खडखड, तो हिसका यातूनच येतो. पोलादी रुळाला ते जमत नाही. किंमत मोजावी लागते ती अशी: हंगामात रोज सकाळी माणूस रुळावरून पायी चालत जातो. हातात हातोडी आणि पाना. सैल झालेला बोल्ट ठोकल्यावर बद्द वाजतो, घट्ट असलेला टणटणतो. मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना आधी हा आवाज ऐकायला शिकवतो, मोजमापाची यंत्रं नंतर. फळीला भेग गेली असेल तर तेवढाच तुकडा काढून नवा बसवायचा. असं करत करत काही वर्षांत जवळजवळ सगळा रूळ बदललेला असतो, तरी राइड तीच. आणखी एक गंमत: सकाळच्या थंडीत ग्रीस घट्ट असतं, गाडी आळसावते. संध्याकाळपर्यंत बेअरिंग तापतात आणि तीच गाडी त्याच रुळावर अंगावर आल्यासारखी धावते. सायक्लोनला बसायचंच असेल तर संध्याकाळी बसा, मागच्या रांगेत.

बरं, मग पडझड कशी झाली? मोझेस हा शहराच्या उद्यान खात्याचा सर्वेसर्वा. त्याला गोंगाट, भोंगे, पाच सेंटांची करमणूक यांचा मनापासून तिटकारा. 1929 मध्ये त्यानं लाँग आयलंडवर ‘जोन्स बीच’ उघडलं: स्वच्छ, शिस्तीचं, मोटारीनं जायचं. 1938 मध्ये कोनी आयलंडची चौपाटी आणि बोर्डवॉक त्याच्या खात्याकडे आले. 1944 मध्ये लूना पार्कला मोठी आग लागली. त्यातून ते सावरलं नाही. त्या जागेवर पुढं उंच इमारती आल्या. 1948 मध्ये सबवेचं भाडं पाचावरून दहा सेंट झालं. युद्धानंतर मध्यमवर्गाकडे मोटारी आल्या, घरी टीव्ही आला, थिएटरात थंड हवा आली. काठामागच्या वस्तीवर ‘शहर नूतनीकरणा’चा बुलडोझर फिरला, गरीब कुटुंबांना उंच इमारतींत कोंबलं आणि त्यांच्या सोयींकडे पाठ फिरवली. 20 सप्टेंबर 1964 ला स्टीपलचेस बंद झालं. फ्रेड ट्रम्पनं ते विकत घेतलं, घरं बांधायची म्हणून. 1966 मध्ये त्यानं पाहुण्यांना बोलावून त्या काचेच्या मंडपावर विटा फेकायचा समारंभ केला, वास्तूला वारसा म्हणून संरक्षण मिळायच्या आत. जमिनीचा वापर बदलायची परवानगी मात्र त्याला मिळाली नाही. जागा मोकळी पडली आणि पुढं शहरानंच ती विकत घेतली.

तिघांपैकी गुन्हेगार कोण, हा प्रश्न मला फारसा कामाचा वाटत नाही. धंद्याच्या वहीतून बघा. त्या हवामानात खरा हंगाम मे अखेरपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, शंभरेक दिवस. त्यात शनिवार-रविवार पंधराएक. त्यातले चार-पाच पावसात गेले की वर्षाचा नफा गेला. उरलेले साडेआठ महिने यंत्र उभं, पण रखवालदार, विमा, कर, रंग हे सगळं चालूच. त्याच जमिनीवर इमारत बांधली तर बाराही महिने भाडं. मग दर हिवाळ्यात मालकाच्या दारात कुणीतरी इमारतीचा नकाशा घेऊन येतो, आणि एखाद्या वाईट हंगामानंतर मालक त्याला चहा पाजतो. मोझेस नसता, ट्रम्प नसता, तर तिसरा कुणी आला असता. मी स्वतः एका समुद्रकाठच्या पार्कात हे बघितलंय. आमच्या हाताखाली पूर्ण सुस्थितीत असलेला पाळणा एका हिवाळ्यात सुटा करून भंगारात गेला. तपासणीत त्याला एकही दोष नव्हता.

त्यातून सत्तरच्या दशकात आणखी एक रोग शिरला. शेजारच्या न्यू जर्सीत अटलांटिक सिटीला कॅसिनोची परवानगी मिळाली आणि कोनी आयलंडच्या मालकांना वाटलं, उद्या इथंही मिळेल. तेव्हापासून कितीतरी प्लॉट नुसते राखून ठेवलेले. ना राइड, ना इमारत, तारेचं कुंपण आणि गवत. मोकळ्या जागेची वाट बघणं हे मला आगीपेक्षा वाईट वाटतं.

सायक्लोनही तेव्हा थोडक्यात वाचला. जमीन शहराची झाली होती आणि शेजारच्या मत्स्यालयाला विस्तारासाठी ती हवी होती. रहिवाशांनी आरडाओरडा केला, अखेर 1975 मध्ये ‘ॲस्ट्रोलँड’ पार्कच्या चालकांनी तो भाड्यानं घेतला आणि दुरुस्त करून चालू केला. 1977 च्या जुलैमध्ये शहरभर वीज गेली तेव्हा वंडर व्हीलवर माणसं अडकली होती. ते चाक हातानं फिरवून एकेक पाळणा खाली आणून उतरवली. तोल नीट साधलेलं यंत्र असं असतं. 1983 मध्ये डीनो वॉर्डेरिस यांनी ते चाक विकत घेतलं. त्यांचं कुटुंब अजून ते चालवतं. त्याच वर्षी डिक झिगन यांनी ‘मर्मेड परेड’ सुरू केली: मत्स्यकन्यांचे वेश करून, अंगाला रंग फासून निघणारी मिरवणूक. पडक्या प्लॉटांच्या मधून. ती अजून दर जूनमध्ये निघते. पुनरुज्जीवनाच्या अहवालांत या माणसांना एक ओळ मिळते, पण ती नसती तर पुनरुज्जीवन करायला तिथं काही शिल्लकच नसतं. सायक्लोनला 1988 मध्ये आणि वंडर व्हीलला 1989 मध्ये शहराच्या वारसा यादीत जागा मिळाली. स्टीपलचेसचा उरलेला ‘पॅराशूट जंप’चा मनोराही 1989 मध्ये त्या यादीत आला. तो चालत नाही, नुसता उभा आहे, रात्री दिव्यांनी उजळतो.

शहरानं केलेल्या चुकाही सांगायला हव्यात. 1925 चा ‘थंडरबोल्ट’ कोस्टर 1982 पासून बंद पडून होता. नोव्हेंबर 2000 मध्ये एका सकाळी शहरानं तो पाडून टाकला. पुढं न्यायालयात ज्युरीनं ते पाडणं समर्थनीय नव्हतं असंच ठरवलं. 2001 मध्ये स्टीपलचेसच्या जागेवर बेसबॉलचं छोटं मैदान झालं आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी माणसं परत दिसू लागली. लगेच जमिनीचे भाव हलले. थॉर इक्विटीज या कंपनीनं 2005 च्या सुमारास एकामागून एक प्लॉट घेतले, ॲस्ट्रोलँडची जागाही. सप्टेंबर 2008 मध्ये ॲस्ट्रोलँड बंद झालं तेव्हा तीच 1966 ची गोष्ट पुन्हा घडणार अशी सगळ्यांची खात्री होती.

पण या वेळी कागद वेगळा झाला, आणि माझ्या उत्तराचा गाभा इथं आहे. 2009 मध्ये शहरानं जमिनीच्या वापराचे नियम बदलले, सुमारे 27 एकरांचा पट्टा करमणुकीसाठी राखला आणि थॉरकडून जवळपास सात एकर जागा 9 कोटी 56 लाख डॉलरना विकत घेतली. राइडखालची जमीन सार्वजनिक झाली. मग ती चालवायला दिली राइड्स बनवणाऱ्या इटलीच्या झांपेर्ला कंपनीशी संबंधित चालकाला. 29 मे 2010 ला नवं ‘लूना पार्क’ उघडलं. दाराशी 1903 च्या पार्काची आठवण करून देणाऱ्या चंद्रकोरी. 2011 पासून सायक्लोनही त्यांच्याकडे आहे, आणि त्याचा रूळ टप्प्याटप्प्यानं नव्यानं बसवला गेलाय. 2014 मध्ये थंडरबोल्ट नाव परत आलं, पण पोलादी, उभ्या चढाचं. नावाखेरीज जुन्याशी त्याचा संबंध नाही.

मध्ये 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळ आलं आणि समुद्र थेट राइड्सच्या मोटारींत शिरला. लोकांना वाटतं पाणी ओसरलं की वाळवून चालू करता येतं. गोड पाण्याचं एक वेळ जमेल. खारं पाणी वाळतं तेव्हा मीठ मागं राहतं, ते हवेतली ओल ओढत बसतं, आणि तांब्याच्या वळशांना, पॅनेलमधल्या जोडांना आतून खात राहतं. आज चालू झालेली मोटार जुलैच्या गर्दीत बसते. म्हणून समुद्रकाठी आम्ही पॅनेल उंचावर घ्यायला सांगतो, आणि मालक म्हणतात, दिसायला वाईट दिसतं. असो. सायक्लोन आणि वंडर व्हील दोन्ही 2013 च्या वसंतात फिरायला लागले.

तर हे पुनरुज्जीवन खरं का? माझ्या मते अर्ध्याहून जास्त खरं. सायक्लोनला बसल्यावर कंबरेला जो दणका बसतो तो नक्कल नाही. पण करारांच्या भाड्यात न बसलेली बोर्डवॉकवरची जुनी खानावळ, जुना बार यांतले काही गेले. पाच सेंटांचं साम्राज्य तर केव्हाच गेलं. आता पट्टा हाताला बांधून मोजून पैसे घेतात. आणि मागच्या वस्तीतल्या माणसाला उन्हाळी नोकरीखेरीज यातून फार मिळालेलं नाही. कॅसिनोचं भूतही उतरलेलं नाही. थॉरनं पुन्हा तो प्रस्ताव आणला होता. 2025 मध्ये स्थानिक सल्लागार समितीनं तो फेटाळला. यात मला विशेष वाटतं ते हे की त्या वेळी वंडर व्हील आणि सायक्लोनच्या पायाखालची जमीन डळमळली नाही. 1966 मध्ये हे शक्य नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर एक सुचवतो: हंगाम संपल्यावरही एक चक्कर मारा. हिवाळ्यात वंडर व्हीलचे सगळे पाळणे उतरवून आत ठेवतात. दर वर्षी, शंभर वर्षांचं यंत्र असूनही. बोर्डवॉकवर तुमच्याशिवाय दोन-चार म्हातारे आणि त्यांचे कुत्रे असतील, आणि वर नुसतं रिकामं चाक. त्याचे जोड नीट निरखून बघा. रंग कुठं नवा आहे, कुठला बोल्ट या वर्षी बदललाय, ते खालूनही दिसतं.